दोन इंधनांची कुटुंबगाडी : तंत्र आणि व्यवहार

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि जिज्ञासू नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाडी विकत घेण्यास निघालेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिला आहे : ‘लिटरला किती जाते ?’ आज ज्या प्रकारच्या गाडीविषयी मी बोलणार आहे, तिच्या बाबतीत या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. एकाच बनावटीच्या दोन गाड्या एकाच शहरात, सारख्याच अंतरावर रोज धावतात. एकीला महिनोन्‌महिने पेट्रोल लागत नाही. दुसरी इतर कोणत्याही गाडीप्रमाणे ठरावीक दिवसांनी पंपावर येऊन उभी राहते. कारण शोधू लागलो तर ते यंत्रात सापडत नाही. रात्री गाडी जेथे उभी असते तेथे विजेचे सॉकेट आहे काय आणि असल्यास मालक त्यात गाडीची तार जोडतो काय, यावर सारे अवलंबून असते. गाडीच्या माहितीपत्रकात अश्वशक्ती, परिबल, लांबी-रुंदी असे सर्व काही छापलेले असते. मालकाच्या या सवयीचा मात्र त्यात उल्लेख नसतो. आणि माझ्या मते या गाडीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य तेच होय.

इंग्रजीत या गाडीला ‘प्लग-इन हायब्रिड’ म्हणतात. साधी संकरित गाडी आपल्या परिचयाची आहे. टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये ‘प्रियस’ ही गाडी जपानमध्ये आणली, तेव्हापासून तिचा प्रसार झाला. तीत एंजिन असते आणि विद्युत्-चलित्रही असते. परंतु तिची सारी ऊर्जा अखेर पेट्रोलातूनच येते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा लहानशा बॅटरीत साठवायची आणि पुढच्या वेगवाढीला वापरायची, एवढीच तिची काटकसर. प्लग-इन प्रकारात बॅटरी कित्येक पट मोठी असते आणि ती घरच्या विजेवर भरता येते. म्हणजे रोजचे जवळचे अंतर विजेवर आणि गावी जाण्याचा लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी ही व्यवस्था आहे. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीची ‘वाटेत वीज संपली तर ?’ ही धास्ती येथे राहत नाही.

विवेचनासाठी मी एकच गाडी निवडली आहे. ती चीनमधील असून भारतात विकली जात नाही. तिचे नाव ‘छिन प्लस डीएम-आय’. ती निवडण्याचे कारण असे की, ही श्रीमंतांची हौसेची गाडी नाही. चार दारांची, मागे सामानाची डिकी असलेली, ४,७६५ मिलिमीटर लांबीची ही साधी कौटुंबिक गाडी आहे. मार्च २०२१ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत १,०५,८०० युआनपासून सुरू होत होती, म्हणजे तिकडच्या मध्यमवर्गीय पेट्रोल गाडीच्या पंक्तीला ती बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या नव्या आवृत्तीची आरंभीची किंमत ७९,८०० युआनपर्यंत खाली आली, आणि त्यामुळे तिच्या बरोबरीच्या पेट्रोल गाड्यांचे धाबे दणाणले.

आधीच्या तेरा वर्षांची वाटचाल

ही गाडी बनविणारी ‘बीवायडी’ ही कंपनी मुळात मोटारगाड्यांची नव्हेच. वांग छुआनफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेन येथे ती बॅटऱ्या बनविण्यासाठी काढली आणि भ्रमणध्वनीच्या बॅटऱ्यांवर ती वाढली. २००३ मध्ये तिने शीआन येथील एक मोटार कारखाना विकत घेतला. हा प्रदेश पुरातन छिन घराण्याचा मुलूख. पुढे गाडीला तेच नाव मिळाले. बॅटरीवाल्याने गाडीकडे पाहण्याची दृष्टी आणि एंजिनवाल्याने पाहण्याची दृष्टी यांत फरक असतो. तो या गाडीच्या रचनेत जागोजागी दिसतो.

डिसेंबर २००८ मध्ये कंपनीने ‘एफ३डीएम’ ही मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी तयार केलेली जगातील पहिली प्लग-इन संकरित गाडी सादर केली. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीची गाजलेली ‘व्होल्ट’ ही गाडी त्यानंतर दोन वर्षांनी ग्राहकांच्या हाती पडली. ‘एफ३डीएम’मध्ये तीन सिलिंडरांचे एक लिटरचे लहान एंजिन आणि १६ किलोवॉट-तासांची बॅटरी होती. (किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट, यापुढे मी ‘युनिट’ हाच शब्द वापरीन.) परंतु किंमत १,४९,८०० युआन होती, म्हणजे त्याच सांगाड्याच्या साध्या गाडीच्या सुमारे दुप्पट. ग्राहकाने पाठ फिरविली यात नवल नाही.

२०१३ च्या डिसेंबरात पहिली ‘छिन’ आली. तिने दुसरेच टोक गाठले. टर्बो बसविलेले दीड लिटरचे एंजिन, जोडीला ११० किलोवॉटचे चलित्र, १३ युनिटांची बॅटरी, विजेवर ७० किलोमीटर; आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ५.९ सेकंदांत. कुटुंबाच्या गाडीला एवढी घाई कशाला, असे विचारावेसे वाटते. पण त्या काळी विजेची गाडी म्हणजे संथ गाडी, हा समज मोडायचा होता. गाडी खपली. तिच्या खपामागे आणखी एक कारण होते, ते मी पुढे सांगेन. २०२१ च्या ‘डीएम-आय’ आवृत्तीत मात्र वेगाचा सोस कमी झाला. हीच १०० किलोमीटरची मजल आता सात ते आठ सेकंदांत गाठली जाऊ लागली आणि वाचलेली सारी बुद्धी काटकसरीकडे वळविण्यात आली. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मला हा बदल ५.९ सेकंदांहून मोठा वाटतो.

एंजिन, जनित्र आणि चलित्र

आता या गाडीचे अंतरंग पाहू. पेट्रोल एंजिनाची एक जुनी खोड आहे. ते एका ठरावीक वेगाला आणि ठरावीक भाराखालीच उत्तम काम देते. रहदारीत थांबत-सरकत चालताना, थोड्या भारावर, त्याची कार्यक्षमता फार खाली येते. बैल एका चालीने नांगर ओढतो तेव्हा दिवसभर काम देतो. दर दहा पावलांवर थांबवून पुन्हा हाकला, तर दुपारपर्यंतच बसकण मारतो. शहरातील गाडीच्या एंजिनाची अवस्था या दुसऱ्या बैलासारखी असते. गिअरपेटीतील पाच-सहा दंतचक्रे हा त्यावरचा जुना उपाय; पण तो अपुरा.

‘डीएम-आय’ रचनेत बहुवेगी गिअरपेटीच नाही. एंजिन एका जनित्राला जोडलेले आहे आणि पुढची चाके विद्युत्-चलित्र फिरविते. शहरात सामान्यतः एंजिन बंदच असते. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की एंजिन सुरू होते. परंतु ते चाकांना हात लावत नाही, केवळ जनित्र फिरवून वीज तयार करते. चाकांचा वेग काही असो, एंजिन आपल्या सोयीच्या चालीने चालते. जास्तीची वीज बॅटरीत जाते आणि बॅटरी भरली की एंजिन पुन्हा स्वस्थ बसते.

येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील की, एंजिनाची यांत्रिक शक्ती आधी विजेत, मग पुन्हा यांत्रिक शक्तीत बदलायची, यात नुकसान होत नाही काय ? होते. प्रत्येक रूपांतराला थोडा कर द्यावाच लागतो. म्हणूनच महामार्गावर, साधारण ताशी ७० किलोमीटरच्या पुढे, जेथे एंजिन स्वतःच सुखाच्या भाराखाली असते, तेथे एक क्लच जुळतो आणि एंजिन एकाच स्थिर दंतचक्र-गुणोत्तराने थेट चाकांना जोडले जाते. चलित्र तेव्हा केवळ ओलांडणी घेताना किंवा चढावर मदतीला येते. शहरात विजेची मध्यस्थी आणि महामार्गावर थेट जोडणी, असे हे गणित आहे. ही कल्पना बीवायडीची एकटीची नाही. होंडा कंपनीने याच तत्त्वावरील रचना २०१३ पासून आपल्या ‘अकॉर्ड’ गाडीत वापरली आणि भारतात मे २०२२ मध्ये आलेल्या ‘सिटी’च्या संकरित आवृत्तीतही तीच आहे. फक्त ‘सिटी’ला भिंतीवरची वीज घेण्याची सोय नाही.

एंजिनाला असा सुखाचा संसार मिळाल्यामुळे अभियंत्यांना ते एकाच कामासाठी घडविता आले. दीड लिटरचे, टर्बो नसलेले हे एंजिन केवळ ८१ किलोवॉट शक्ती देते. मात्र त्याची सर्वोच्च औष्णिक कार्यक्षमता ४३.०४ टक्के आहे. त्यासाठी संपीडन गुणोत्तर १५.५ इतके ठेवले आहे. नेहमीच्या पेट्रोल एंजिनात ते दहा-बाराच्या आसपास असते आणि त्याहून वाढविले तर मिश्रण वेळेआधी पेटून ठोका बसतो. तो टाळण्यासाठी ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे चक्र वापरले आहे : आत घेण्याची झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबली जाणारी हवा कमी आणि प्रसरणाचा पल्ला लांब मिळतो. जोडीला थंड केलेल्या निकास वायूचा काही अंश पुन्हा आत सोडला जातो. आणखी एक गोष्ट गॅरेजमधील माणसाच्या चटकन लक्षात येईल. एंजिनाच्या पुढच्या बाजूला पाण्याचा पंप, वातानुकूलनाचा कंप्रेसर वगैरे फिरविणारा पट्टा असतो. तो येथे नाहीच. ही सारी कामे विजेवर चालतात. एंजिन बंद असतानाही आतला गारवा टिकतो तो यामुळे.

या एंजिनाच्या ताकदीवर पाहिले तर गाडी दुबळी वाटेल. पण चाके फिरविणारे चलित्र लहान बॅटरीच्या आवृत्तीत १३२ किलोवॉटचे आणि मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीत १४५ किलोवॉटचे आहे. हुकमत चलित्राची आणि एंजिन त्याचा कोठारवाला, असे हे नाते आहे. बॅटरीवाल्याची दृष्टी मी म्हणालो, ती ही.

बॅटरी लिथियम लोह फॉस्फेट या रसायनाची आहे. जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून या पदार्थाची उपयुक्तता जगासमोर मांडली; गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. यात निकेल व कोबाल्ट ही महाग द्रव्ये लागत नाहीत आणि तापून पेट घेण्याचा धोका तुलनेने कमी असतो. वजनाच्या मानाने साठा थोडा कमी आणि कडाक्याच्या थंडीत कुरकुर, हे तिचे दोष. गाडी दोन मापांत येते : ८.३२ युनिटांची बॅटरी असलेली, जी युरोपीय जुन्या चाचणीनुसार विजेवर ५५ किलोमीटर जाते, आणि १८.३२ युनिटांची, जी १२० किलोमीटर जाते. नव्या आणि अधिक कठोर जागतिक चाचणीत हेच आकडे ४६ आणि १०१ किलोमीटर असे उतरतात. खरेदीदाराने नेहमी दुसरी जोडी धरून चालावे.

१८.३२ युनिटे म्हणजे तरी किती ? एक लिटर पेट्रोल जाळल्यास सुमारे ९ युनिटांइतकी उष्णता मिळते. म्हणजे मोठ्या बॅटरीतील सगळी वीज जेमतेम दोन लिटर पेट्रोलातील उष्णतेएवढी. गाडीची पेट्रोल टाकी ४८ लिटरांची आहे ! दोन लिटरांच्या मोलाच्या ऊर्जेवर गाडी शंभर किलोमीटर जाते, याचे रहस्य इतकेच की, चलित्र आपल्याला मिळालेल्या ऊर्जेतील फार थोडी वाया घालविते. एंजिन मात्र निम्म्याहून अधिक उष्णता निकास नळीतून आणि रेडिएटरमधून हवेत सोडून देते.

घाट उतरताना चलित्र उलट जनित्राचे काम करते आणि वीज परत मिळते, हे आपण ऐकले असेल. त्यात एक गंमत आहे. लोणावळ्यात रात्रभर बॅटरी काठोकाठ भरून सकाळी बोरघाट उतरू लागलो, तर मिळणारी वीज ठेवायला जागाच नसते. अशा वेळी ब्रेकच्या जुन्या घर्षणावरच काम भागवावे लागते. डोंगरावर मुक्काम असेल तेव्हा बॅटरी थोडी रिती ठेवलेली बरी.

कागदावरचे लिटर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : लिटरला किती जाते ? बॅटरी ठरावीक पातळीपर्यंत उतरल्यावर ही गाडी साध्या संकरित गाडीसारखी चालते आणि कंपनीच्या आकड्यांनुसार १०० किलोमीटरला ३.८ लिटर पेट्रोल घेते. म्हणजे लिटरला सुमारे २६ किलोमीटर. ही चाचणीतील गोष्ट. प्रत्यक्षात काही कमी धरावे. तरीसुद्धा आकडा उत्तम आहे. परंतु शासकीय नोंदीत अशा गाड्यांचा एकत्रित वापर याहूनही कितीतरी कमी दाखविला जात असे. तो कसा ?

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १०१ क्रमांकाच्या नियमात एक सूत्र होते; चीननेही तेच उचलले. त्यात असे गृहीत धरले होते की, मालक विजेवर जाईल तितके अंतर जातो, त्यानंतर पेट्रोलवर फक्त २५ किलोमीटर चालवितो, आणि मग पुन्हा बॅटरी भरतो. हे २५ किलोमीटर प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक माणसाला सारखेच. सूत्रात ५५ किलोमीटरची आवृत्ती घाला : ८० किलोमीटरांपैकी केवळ २५ पेट्रोलवर, म्हणजे १०० किलोमीटरला सुमारे १.२ लिटर. १२० किलोमीटरची आवृत्ती घाला, तर उत्तर ०.७ लिटरच्या आत येते. अंकगणित अचूक आहे. फक्त माणूस रोज बॅटरी भरतो, हे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे.

त्या मानाने प्रत्यक्ष व्यवहार काय सांगतो ? शांघाय शहरात पेट्रोल गाडीची नंबरपाटी लिलावात घ्यावी लागते आणि तिला सुमारे ९० हजार युआन पडतात. प्लग-इन गाडीला ही पाटी फुकट मिळत असे. पहिल्या ‘छिन’च्या खपामागचे, मी म्हणालो ते, दुसरे कारण हे. पाटीसाठी गाडी घ्यायची, तार डिकीत गुंडाळून ठेवायची आणि गाडी आयुष्यभर पेट्रोलवर फिरवायची, असे पुष्कळांनी केले. त्यांना दोष तरी कसा द्यावा ? बहुमजली इमारतींत राहणाऱ्यांना सॉकेट मिळणार कोठून ! अखेर शांघाय प्रशासनाने २०२३ च्या आरंभापासून प्लग-इन गाड्यांची ही सवलत काढून घेतली. बीजिंगने तर ती सुरुवातीपासूनच दिली नव्हती. चीनच्या केंद्र शासनाने दुसरी वाट धरली. खरेदीकरातील सवलत मिळण्यासाठी २०२६ पासून गाडी केवळ विजेवर किमान १०० किलोमीटर जाणारी असली पाहिजे. त्यापूर्वी ही मर्यादा ४३ किलोमीटर होती. वारंवार तार जोडण्याचा कंटाळा येणाऱ्या माणसाला मोठी बॅटरी द्यावी, हा त्यामागचा विचार मला व्यवहारी वाटतो.

युरोपात तर सारे आकड्यांनिशी उघड झाले. तेथे २०२१ पासून प्रत्येक नव्या गाडीत प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. या नोंदींवरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट होते. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांतही तफावत असते, पण ती सुमारे वीस टक्क्यांची. कंपनीच्या खर्चाने पेट्रोल भरणाऱ्या नोकरदाराला घरच्या विजेचे बिल कशाला हवे, हे त्यामागचे एक साधे कारण. युरोपात विकल्या गेलेल्या अशा पुष्कळशा गाड्या मोठ्या आणि जड होत्या, त्यांत दणकट टर्बो एंजिने होती. न भरता चालविल्यास त्या साध्या गाडीहूनही अधिक पेट्रोल पीत. ‘डीएम-आय’चा गुण येथे दिसतो. मालक आळशी निघाला तरी ती निदान काटकसरी संकरित गाडी म्हणून नांदते.

आपल्या दारी आली तर

भारतात प्लग-इन गाड्या अजून मुख्यतः महागड्या परदेशी बनावटींपुरत्या आहेत. तरी धोरणाचा प्रश्न दाराशी आलेला आहे. वाहन कंपन्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा घालणाऱ्या आपल्या केंद्रीय नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात विजेची एक गाडी तीन गाड्यांइतकी, प्लग-इन गाडी अडीच गाड्यांइतकी आणि पूर्ण संकरित गाडी दोन गाड्यांइतकी मोजण्याची तरतूद केली गेली. उत्तर प्रदेश शासनाने जुलै २०२४ मध्ये संकरित व प्लग-इन या दोन्ही प्रकारांना नोंदणीकर माफ केला आणि त्यावर वाहन उद्योगातच दोन तट पडले. महाराष्ट्राने २०२१ व २०२५ च्या विद्युत् वाहन धोरणांत विजेवरील गाड्यांना उत्तेजन दिले. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या चारचाकींना पथकरमाफीही मिळाली. उद्या छिनसारखी स्वस्त प्लग-इन गाडी येथे आली, तर ती कोणत्या रांगेत उभी करायची ?

यासाठी आधी हिशेब मांडू. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि वीज युनिटला दहा रुपये धरू. शंभर किलोमीटरला विजेवर सुमारे १५ युनिटे, म्हणजे दीडशे रुपये, पेट्रोलवर ३.८ लिटर, म्हणजे तीनशे ऐंशी. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० किलोमीटर जाणाऱ्याचे विजेवर १८ हजार आणि पेट्रोलवर साडेपंचेचाळीस हजार रुपये होतील. रोजचे ४० किलोमीटर लहान बॅटरीतही भागतात. मोठी बॅटरी घेतल्यास एक दिवसाआड तार जोडली तरी चालते. लहान बॅटरीला केवळ संथ भरणी आहे. मोठीला जलद भरणीचीही सोय आहे.

कार्बनचा हिशेब इतका सुखावणारा नाही आणि तो लपवू नये. आपल्या वीजजाळ्यात कोळशाचा वाटा अद्याप मोठा आहे. एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू सुटतो. १५ युनिटांचे झाले साडेदहा किलो. ३.८ लिटर पेट्रोल जाळले तर सुटतो पावणेनऊ किलोंच्या आसपास. पेट्रोल शुद्ध करण्याचा, वाहून आणण्याचा खर्च आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचा जादा वापर धरला, तर दोन्ही पारडी जवळजवळ समतोल येतात. म्हणजे एवढ्या काटकसरी एंजिनाच्या बाबतीत, आजच्या जाळ्यावर, वीज वापरून पृथ्वीचे फारसे भले होते असे म्हणता येत नाही. धूर दादरच्या रस्त्यावरून उठून चंद्रपूरला किंवा कोराडीला जातो. चंद्रपूरच्या नागरिकाचे यावर काय मत पडेल, ते त्याला विचारले पाहिजे. तथापि दादरचा धूर लोकांच्या नाकाशी असतो, आणि पेट्रोल आपण बहुतांशी आयात केलेल्या तेलापासून बनवितो, हेही तितकेच खरे. शिवाय जाळे बदलते आहे. सूर्यप्रकाशाच्या वेळी, कचेरीच्या आवारात भरलेली बॅटरी आणि रात्री कोळशाच्या विजेवर भरलेली बॅटरी यांची किंमत पृथ्वीच्या लेखी सारखी नाही. गाडी दिवसा कचेरीतच आठ तास उभी असते. तेव्हा सॉकेट घरापेक्षा कचेरीत अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

सॉकेट म्हणजे काही मोठे केंद्र नव्हे. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ अँपिअरचे साधे सॉकेट साडेतीन किलोवॉटपर्यंत शक्ती देऊ शकते. ८.३२ युनिटांची बॅटरी त्यावर तीन तासांत भरेल, १८.३२ युनिटांची सहा तासांत. केवळ विजेवरील मोठ्या गाडीला ज्या जलद भरणी केंद्रांची गरज असते, ती येथे नाही. मात्र भूमीला जोडलेली योग्य तार, स्वतंत्र मीटर आणि जाड वाहिनी हवीच. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हा विषय निघाला की, वाद विजेवर होत नाही. वाहनतळाच्या जागेवर आणि बिल कोणी भरायचे यावर होतो. जेथे संस्थेने आधीच प्रत्येक जागेपर्यंत नळी टाकून ठेवली असेल, तेथे दोन तासांचे काम असते. जेथे नसेल, तेथे वर्ष जाते.

विद्यार्थीमित्रांसाठी एक सूचना करून थांबतो. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करीत आली आहे. गाडीच्या जाहिरातीत लिटरमागचा जो आकडा आपण वाचतो, तो पुष्कळदा तेथूनच प्रमाणित होऊन येतो. प्लग-इन गाडीसाठी असा एकच आकडा छापणे योग्य नाही. ‘बॅटरी भरलेली असताना विजेवर किती किलोमीटर’ आणि ‘बॅटरी उतरल्यावर लिटरला किती’ असे दोन आकडे शेजारी शेजारी, सारख्या अक्षरांत छापले जावेत. आणि सवलत द्यायचीच असेल तर ती विक्रीच्या दिवशी एकरकमी न देता गाडीतील नोंदयंत्रावरून द्यावी. वर्षभरात किती किलोमीटर विजेवर झाले आणि किती पेट्रोलवर, हे यंत्र सांगू शकते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी गाडी वर्षातून एकदा तरी केंद्रावर आणावी लागतेच. तेथे ही नोंद वाचण्यास पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू नये. नोंद कोणत्या स्वरूपात वाचायची, ती कोणाकडे पाठवायची आणि मालकाची खाजगी माहिती तीतून कशी वगळायची, हे तीन प्रश्न सोडविणारा एखादा प्रकल्प अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा. त्यासाठी चीनमधील गाडी येथे येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रस्त्यावर असलेल्या संकरित गाड्यांपासूनही सुरुवात करता येईल.